विमानतळावरची झडती आणि आपला उंबरठा

फेल्डहोवन हे नेदरलँड्सच्या दक्षिणेला, आइंडहोवन शहराला खेटून असलेले गाव. संगणकाच्या चिप तयार करणारी यंत्रे बनवणाऱ्या एएसएमएल कंपनीचे मुख्य कार्यालय इथे आहे. त्या कामाच्या निमित्ताने देशोदेशींची माणसे इथे राहायला आली. त्यांत भारतातली मराठी कुटुंबे आहेत, आणि आमच्यासारखे मॉरिशसचे मराठीही. आइंडहोवनचा विमानतळ इथून इतका जवळ की सायकलीने अर्धा तासही लागत नाही. त्या विमानतळावर २०१८ साली घडलेली एक गोष्ट आज या पानावर सांगायची आहे. ती वाचून कोणी म्हणेल की युरोपातल्या भानगडीशी आपल्याला काय करायचे आहे? शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

म्पान्झू बामेंगा हे त्या वेळी आइंडहोवन नगरपालिकेचे निवडून आलेले सदस्य होते. जन्म काँगोचा, लहानपणीच ते नेदरलँड्सला आले आणि इथेच वाढले. रोमहून विमानाने ते घरी परतत होते. हा प्रवास शेंगेन करारातल्या देशांमधला असल्याने उतरताना सर्वांचे पासपोर्ट पाहिले जात नाहीत. सरहद्दीवर पहारा ठेवणारे लष्करी पोलीस, ज्यांना इथे मारेशोसे म्हणतात, ते काही प्रवाशांना निवडून बाजूला घेतात. त्या दिवशी त्यांनी बामेंगांना बाजूला घेतले. आपल्यासारख्याच गोऱ्या नसलेल्या प्रवाशांना वेगळे काढले जात आहे, हे बामेंगांच्या ध्यानात आले. त्यांनी तक्रार केली. तेव्हा जे कारण पुढे आले ते असे: कपडे नीटनेटके, चाल झपाझप, आणि रूप डच न वाटणारे, ही लक्षणे पैशाची चोरटी ने-आण करणाऱ्या नायजेरियन माणसाच्या ठरीव वर्णनाशी जुळतात.

वाचकहो, इथे क्षणभर थांबावे. आपल्या आजी-आजोबांनी आपल्याला काय शिकवले? स्वच्छ कपडे घाला, ताठ चाला, वेळेवर पोहोचा, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. बामेंगांनी हे सारे केले होते. शिवाय लोकांनी त्यांना मते देऊन नगरपालिकेत बसवले होते. तरीही नेमके ते नीटनेटके कपडे आणि ती झपाझप चालच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. गोऱ्या माणसाच्या अंगावर तोच कोट असता तर त्याला साहेब म्हणून वाट करून दिली गेली असती. माणूस काळा असला की त्याचा चांगुलपणाही संशयाचे कारण होतो. हा पूर्वग्रह ओळखण्याची पहिली खूण हीच.

बामेंगा आणि अॅम्नेस्टी इंटरनॅशनलसह काही संस्था सरकारविरुद्ध न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. वंशावरून दिसणारे रूप हे अनेक खुणांपैकी एक खूण म्हणून वापरायला हरकत नाही, असे न्यायालय म्हणाले. देशभर गदारोळ झाला. अर्जदार अपिलात गेले आणि १४ फेब्रुवारी २०२३ रोजी हेगच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. अशा तपासणीसाठी माणूस निवडताना वंशाचा आधार घेणे, मग तो अंशतः का असेना, हा भेदभावच आहे, असे त्या न्यायालयाने स्पष्ट सांगितले. त्यामागचा विचार साधा आहे. कातडीच्या रंगावरून नागरिकत्व कळत नाही. डच माणूस काळाही असतो. त्याला आपल्याच देशात परत परत आपण इथले आहोत हे सिद्ध करायला लावणे ही लहानसहान गैरसोय नव्हे. तो त्याचा अपमान आहे. बामेंगा २०२३ च्या निवडणुकीनंतर नेदरलँड्सच्या संसदेत गेले.

या खटल्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा वेगळा आहे. त्या पहारेकऱ्याच्या मनात द्वेष होता, असे कोणालाही सिद्ध करावे लागले नाही. कदाचित तो घरी सज्जन बाप असेल, शेजाऱ्यांच्या उपयोगी पडणारा असेल. त्याच्या हाती कोणाला थांबवायचे याचा जो ठरीव नमुना दिला होता, त्यातच रंग घातलेला होता. म्हणून खटला एका शिपायाच्या स्वभावावर चालला नाही, नियमावर चालला. आपण मात्र वर्णद्वेष म्हटले की एखादा दुष्ट माणूस शोधतो. तो सापडला नाही की म्हणतो, इथे काही नाही.

सरकारी कचेऱ्यांतही असेच घडले. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या खर्चासाठी आईबापांना सरकारी मदत मिळते. कर खात्याने हजारो कुटुंबांवर लबाडीचा खोटा आळ घेऊन ती रक्कम परत मागितली. घरे कर्जात बुडाली, संसार मोडले. त्यांत परदेशी मूळ असलेली कुटुंबे फार मोठ्या प्रमाणात होती, कारण संशयित निवडताना राष्ट्रीयत्वाचाही हिशेब धरला जात होता. या प्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये सारे मंत्रिमंडळ पायउतार झाले, आणि २०२२ साली कर खात्यात संस्थागत वर्णद्वेष होता हे सरकारने मान्य केले. तिथेही निवड करणाऱ्या यंत्राला राग-लोभ नव्हता. माणसांनी आपला संशय त्यात भरला होता आणि यंत्राने तो इमानाने पाळला.

या देशाने माफीही मागितली आहे. १९ डिसेंबर २०२२ रोजी त्या वेळचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी गुलामगिरीबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली, आणि १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनी अॅम्स्टरडॅमच्या ओस्टरपार्कमध्ये स्वतःच्या तोंडाने ती मागितली. पण ज्या वर्षी बामेंगांना विमानतळावर थांबवले, त्याच वर्षी नोव्हेंबरात आइंडहोवनच्या रस्त्यावर दुसरा प्रकार घडला. सिंटरक्लासच्या सणात गोरी माणसे तोंडाला काळे फासून 'काळा पीट' होतात, त्याविरुद्ध शांतपणे निदर्शने करणाऱ्यांना फुटबॉलवेड्यांच्या जमावाने घेरले, शिव्या दिल्या, अंडी फेकली. माफी वरून खाली यायला वेळ लागतो, हे त्यातून दिसते.

आता आपल्याकडे वळू. मी एका घराची गोष्ट सांगतो. त्यात दोष माझाही आहे.

काही वर्षांपूर्वी इथे भाड्याचे घर शोधत होतो. माझ्याबरोबर आपल्याच बेटावरचा एक मित्र होता, क्रिओल, ब्लॅक रिव्हरकडचा. पगार जवळपास सारखा, कागदपत्रे सारखी, दोघांचेही पासपोर्ट मॉरिशसचे. एका मध्यस्थाकडे दोघांनी दोन घरांसाठी अर्ज केले. मला फोन आला. बोलता बोलता पलीकडच्या गृहस्थांनी विचारले, तुम्ही इंडियन ना? मग काही अडचण नाही. इंडियन लोक शांत असतात, घर नीट ठेवतात. मी हो म्हणालो. मॉरिशसचा आहे असे म्हणालो नाही. मित्राच्या अर्जाचे काय झाले, हेही विचारले नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला बरे वाटले. मित्राला नकाराचे कारण कधीच कळले नाही. त्याला पुढे दुसरीकडे, लांबच्या गावात घर मिळाले.

त्या बरे वाटण्याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. समोरच्याने मला गोरा मानले नव्हते. त्याने फक्त एक शिडी मांडली होती आणि मला मधल्या पायरीवर उभे केले होते. खालच्या पायरीवर माझा मित्र होता, म्हणून माझी पायरी उंच वाटली. मधल्या पायरीवरच्या माणसाचा या शिडीला फार मोठा आधार असतो. तो हलला नाही तर शिडी पडत नाही.

ही शिडी काल उभी राहिलेली नाही. आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव १५९८ साली डचांनीच दिले, आपल्या राजपुत्र माउरित्सवरून. १६३८ साली त्यांनी तिथे पहिली वसाहत केली, जावाहून ऊस आणला, आणि कष्टाला माणसे मादागास्करहून धरून आणली. पुढे फ्रेंचांनी हा व्यापार कित्येक पटींनी वाढवला. इंग्रजांच्या अमलात १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली तेव्हा साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. नुकसानभरपाई मिळाली ती मळेवाल्या मालकांना; मुक्त झालेल्यांना एक दमडी नाही. उलट त्यांना आणखी काही वर्षे उमेदवारीच्या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले. आणि त्याच सुमारास, १८३४ पासून, गिरमिटावर आपले लोक येऊ लागले. आपल्या पूर्वजांनी ऊसमळ्यात घाम गाळला, मार खाल्ला, हे खरे आहे आणि त्याचा अभिमान असावा. पण ज्या छपराखाली ते झोपले, ते बहुधा आधी एका गुलामाचे होते. सुरिनाममध्येही असेच झाले. १८६३ साली गुलामगिरी संपली, पुढची दहा वर्षे सक्तीची मजुरी चालली, आणि ती संपली त्याच वर्षी, १८७३ च्या जूनमध्ये, लल्ला रुख जहाजातून पहिले हिंदुस्थानी मजूर तिथे उतरले. मळेवाल्यांना एकाची मजुरी पाडायला दुसरा हवा होता. दोघे एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले, यात मळेवाल्यांचाच फायदा होता. मळेवाले गेले, संशय मात्र आपण जपून ठेवला.

घरात आपण कसे बोलतो ते आठवून पाहा. 'माझांबिक' हे मोझांबिक या देशाचे नाव. आपल्या बोलण्यात ते शिवीसारखे येते. 'मालबार' हेही एका किनाऱ्याचेच नाव, आणि ते आपल्यावर शिवीसारखे फेकले गेले तेव्हा आपल्याला किती लागले! मूल जन्मले की पहिल्या चौकशीत रंग येतो. मुलगी क्रिओल मुलाबरोबर दिसली की घरात सुतक येते. तोच मुलगा युरोपातला गोरा असला तर दोन दिवस रुसवा आणि तिसऱ्या दिवशी फोटो. घराची वरची खोली भाड्याने द्यायची झाली की, 'आमची काही हरकत नाही, पण शेजारी काय म्हणतील?' हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या घरात ऐकले आहे, आणि ते बोलणारे काका देवभोळे, कोणाला दुखवू नये असे मानणारे आहेत. फोनवरच्या त्या डच गृहस्थांत आणि काकांत फरक एवढाच की काकांचे बोलणे मला लहानपणापासून ओळखीचे होते, म्हणून ते टोचले नाही.

घराबाहेरही पाहावे. १९९३ साली पाद्री रॉजे सेर्व्हो यांनी क्रिओल समाजाच्या दुखण्याला 'मालेज क्रेओल' हे नाव दिले, तेव्हा पुष्कळांनी नाक मुरडले. फेब्रुवारी १९९९ मध्ये गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट काही दिवस पेटले, तेव्हा आपल्या अनेक घरांत चर्चा फक्त दंगलीची झाली. कोठडीत काय झाले याची झाली नाही. २०११ साली सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरी व गिरमिट या दोन्हींच्या परिणामांवर मोठा अहवाल दिला. त्यातली गिरमिटाची पाने आपण आपली मानली. बाकीची पाने दुसऱ्यांची, असे म्हणून चालेल का?

मराठी म्हणून तर आपल्याला हे अधिक उमगायला हवे. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. तो अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. पुढे औरंगाबाद म्हणून वाढलेले खडकी हे शहर त्याने वसवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आणि महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी त्याग केला. पुण्यात बसून त्यांना समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाचे दुःख आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ठेवता आले. आपण तर त्या माणसाच्या शेजारच्या घरात राहतो.

यावर काही आक्षेप येतात. एक असा की, 'तेही आपल्याला नावे ठेवतात.' ठेवत असतील. त्याने आपले शब्द स्वच्छ होत नाहीत. दुसरा आक्षेप सावधगिरीचा: 'अनुभवावरून माणूस शिकतो, सावध राहणे म्हणजे द्वेष नव्हे.' हाच युक्तिवाद मारेशोसेनेही वेगळ्या शब्दांत केला होता. सावध जरूर राहावे, पण सर्वांशी सारखे. भाडेकरूकडे पगाराची पावती मागायची तर ती प्रत्येकाकडे मागावी. एकाकडे कागद मागायचा आणि दुसऱ्याचा चेहरा पाहायचा, ही सावधगिरी नव्हे. तिसरा आक्षेप, 'कायद्याने मन बदलत नाही.' मान्य. पण मन बदलेपर्यंत दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाने काय करायचे? नेदरलँड्समध्ये १ जुलै २०२३ पासून घरभाड्याचा नवा कायदा आहे. त्यानुसार भाडेकरू कोणत्या कसोट्यांवर निवडणार हे आधी स्पष्ट सांगावे लागते आणि नाकारलेल्या उमेदवाराला कारण द्यावे लागते. माझ्या मित्राच्या वेळी हा कायदा असता तर निदान प्रश्न विचारायला जागा असती. नोकरभरतीसाठी असाच कायदा येणार होता. तो मार्च २०२४ मध्ये वरिष्ठ सभागृहात पडला. म्हणजे काम अर्धेच झाले आहे.

मग आपण काय करावे? मोठ्या सभा आणि ठराव यांची गरज नाही. बामेंगांच्या खटल्याने दाखवलेली वाट घरगुती आहे: नियम पाहा, आणि त्यातून रंग काढून टाका. घर भाड्याने द्यायचे, दुकानात माणूस ठेवायचा, संस्थेच्या नोकरीसाठी मुलाखत घ्यायची, तर काय पाहणार हे उमेदवार येण्याआधी कागदावर लिहा आणि सर्वांना तेच विचारा. ज्याला नाकारले त्याला कारण सांगता येत नसेल, तर ते कारण तपासा. आपल्या कचेरीत, आपल्या मंडळात, आपल्या शाळेत कोण आत आहे आणि कोण दाराशी थांबले आहे, हे वर्षातून एकदा मोजा. मनाची साक्ष फसवते, आकडे तेवढे फसवत नाहीत. जेवताना कोणी तो शब्द उच्चारला तर हसू नका. मोठ्या माणसाला उलट बोलायचे नसेल तर नम्रपणे एवढेच म्हणा, 'काका, हा शब्द मुलांसमोर नको.' आणि कोणी तुम्हाला मधल्या पायरीवर चढवू लागला तर तिथेच विचारा, 'माझ्या मित्राचे काय झाले?' मी तो प्रश्न विचारायला चुकलो.

आपल्या बेटावर १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी सुटी असते. २ नोव्हेंबरला आपण आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांची आठवण काढतो, फुले वाहतो. १ फेब्रुवारीला आपल्यापैकी बरेच जण समुद्रावर सहलीला जातात. येत्या १ फेब्रुवारीला मुलांना घेऊन ल मॉर्नच्या पायथ्याशी जावे, असे मला वाटते. पळून गेलेले गुलाम ज्या डोंगरात लपले, तो डोंगर मुलांना दाखवावा. तिथे जमलेल्या शेजाऱ्यांना नमस्कार करावा, आणि परत येताना त्यांतल्या एका घराला गणपतीचे आमंत्रण द्यावे, अंगणापर्यंतचे नव्हे तर पाटावर बसून जेवण्याचे. विमानतळावरचा नियम बदलायला पाच वर्षे आणि दोन न्यायालये लागली. आपल्या उंबरठ्यावरचा नियम बदलायला आपल्या घरातल्यांची संमती पुरेशी आहे.